पार्किन्सनची गोळी वॉर्डच्या राउंडसाठी थांबत नाही

प्रति,
मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पार्किन्सनच्या आजारावरचा लेख वाचला. भाषा सोपी आहे आणि लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ मध्ये या आजाराचं पहिलं नीट वर्णन केलं, हेही त्यात आलं आहे. पण औषधांमुळे हाताची थरथर आटोक्यात राहते, एवढं सांगून औषधांचा विषय संपवला आहे. तिथं मी अडले. माझा हात फारसा थरथरत नाही. तरीही मी दिवसातून चार वेळा तीच गोळी घेते, आणि ती वेळेवर मिळाली नाही तर मला खुर्चीतून उठता येत नाही. मग ती गोळी माझ्यात नेमकं करते काय? ते लेखात नव्हतं म्हणून हे पत्र. पत्र लांबलं आहे याची कल्पना आहे. कापायचं झालं तर औषधाचा इतिहास कापा, रुग्णालयाचा भाग मात्र ठेवा.

मी वेंगुर्ले तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली-दुसरीचे वर्ग घेण्यात सगळी नोकरी गेली, त्यामुळे अक्षराकडे बघायची खोड आहे. आजार आधी दिसला तो तिथेच. दुधाचा हिशेब लिहिताना ओळीच्या सुरुवातीला अक्षर नेहमीचं, आणि शेवटाला पोचेपर्यंत इतकं बारीक की महिनाअखेरीस मलाच लागेना. यजमान म्हणाले, चष्म्याचा नंबर बदलला असेल. चष्मा बदलला, अक्षर तेच. मग नात्यातल्या एका लग्नाच्या व्हिडिओत दिसलं, की चालताना माझा उजवा हात हलतच नाही, नुसता अंगाला लागून लोंबतोय. गोव्यात बांबोळीला मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी बोटांची उघडमीट करायला लावली, थोडं चालवून पाहिलं आणि निदान सांगितलं. थरथर नसलेले असे रुग्ण बरेच असतात, हेही त्यांनीच सांगितलं.

माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे, कुडाळला. पुढचं बरंचसं तिच्याकडून शिकले, वही-पेन घेऊन बसून.

मेंदूच्या देठाच्या वरच्या टोकाला सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळसर पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करून मेंदूच्या आतल्या स्ट्रायटम या भागाला पुरवतात. कुठली हालचाल सोडायची, कुठली दाबून धरायची, किती जोर लावायचा, हे ठरवण्यात या भागाचा मोठा हात असतो. तिथून दोन वाटा निघतात, एक हालचालीला मोकळीक देणारी आणि दुसरी तिला अडवणारी. डोपामिन पहिलीला बळ देतं आणि दुसरीला आवर घालतं. पार्किन्सनमध्ये या पेशी मरत जातात, डोपामिन आटतं आणि अडवणारी वाट वरचढ होते. लक्षणं दिसू लागेपर्यंत त्या पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो.

म्हणजे माझ्या पायांत ताकद आहे. डॉक्टर पाय दाबून बघतात तेव्हा मी त्यांचा हात चांगला मागे ढकलते. बिघडलं आहे ते हालचाल सुरू होण्याआधीचं काम. एसटी स्टँडवर गाडी उभी आहे, टाकीत डिझेल आहे, चालक जागेवर बसलाय, वाहकाने दार लावून घेतलंय, पण कंट्रोलरकडे नोंद झाल्याशिवाय गाडी फलाटावरून हलत नाही. माझा कंट्रोलर बिघडला आहे. गोळीचा असर असतो तेवढा वेळ तो कामावर असतो.

ही ‘आधीची तयारी’ मोजता येते, हे कळलं तेव्हा मला मोठं नवल वाटलं. जर्मनीत फ्रायबुर्ग इथं हान्स कॉर्नह्युबर आणि ल्युडर डेके यांनी निरोगी माणसांच्या डोक्याला तारा लावून त्यांना सांगितलं, मनाला येईल तेव्हा बोट हलवा. बोट हलायच्या सेकंदभर किंवा त्याहून थोडं आधीपासूनच मेंदूत विजेची एक संथ लाट चढू लागते, असं त्यांना आढळलं. १९६५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. पार्किन्सनच्या रुग्णांत या लाटेचा पहिला टप्पा खुजा निघतो. १९८० च्या दशकात लंडनच्या संशोधकांनी लेव्होडोपा, म्हणजे माझ्या गोळीतलं मुख्य औषध, देऊन पुन्हा मोजलं, तेव्हा लाट वाढलेली दिसली. म्हणजे गोळीचा परिणाम हात हलण्याच्या आधीच, हलवायच्या तयारीतच, दिसतो.

ही लाट जिथून उठते त्यातला एक मुख्य भाग डोक्याच्या मधोमध, कपाळाच्या बराच वर असतो. भाची म्हणाली, “मावशी, तू भांग पाडतेस ना, त्याच्याच खाली.” सप्लिमेंटरी मोटर एरिया असं त्याचं नाव. स्वतःच्या मनाने, कोणी न सांगता करायच्या हालचालींची जुळवाजुळव इथं होते. पार्किन्सनमध्ये हा भाग पुरेसा जागा होत नाही. १९९२ मध्ये लंडनच्या एका गटाने पीईटी तपासणीत रक्तप्रवाह पाहून हे दाखवलं, आणि डोपामिनचं काम करणारं अपोमॉर्फिन दिल्यावर तोच भाग पुन्हा कामाला लागतो हेही दाखवलं.

आता यात एक गंमत आहे, आणि आमच्या गावातल्या लोकांना तीच पटत नाही. आमचं घर खाली आणि रस्ता वर. मधे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, आमच्याकडे तिला पाखाडी म्हणतात. ती मी चढते. हळू चढते, पण न अडकता. आणि वरून खाली येऊन आमच्या सपाट, गुळगुळीत फरशी घातलेल्या खळ्यात, म्हणजे अंगणात, मात्र पाऊल खिळतं. मन पुढे गेलेलं असतं, कमरेपासून वरचं अंगही पुढे झुकलेलं असतं, पाय तिथंच. शेजारीण एकदा माझ्यासमोरच दुसरीला म्हणाली, “पाखाडी चढतत नि खळ्यात अडकतत, ह्या कसला दुखणा?” तिचा राग नाही. बघणाऱ्याला ते सोंगच वाटतं.

कारण असं, की पायरी डोळ्यांना दिसते. पाऊल कुठे टाकायचं, किती उचलायचं, हे ती बाहेरून सांगते. बाहेरून आलेल्या इशाऱ्यावर हालचाल करायची असेल तर मेंदू दुसरी वाट वापरतो. डोळ्यांकडून येणारी माहिती, लहान मेंदू आणि मेंदूच्या पुढच्या भागाची बाहेरची बाजू यांच्यातून जाणारी ही वाट पार्किन्सनमध्ये बरीच शाबूत असते. सपाट फरशीवर असा इशारा नाही, तिथं पहिलं पाऊल स्वतःच्या मनाने जुळवावं लागतं आणि माझं नेमकं तेच जागचं हलत नाही. हे कळल्यावर यजमानांनी खळ्यात आणि माजघरात गेरूने आडवे पट्टे ओढले, माझ्या एका पावलाच्या अंतराने. पाहुणे विचारतात, हे काय? आम्ही सांगतो, बाईंची पाखाडी. गोळीचा असर उतरू लागला की मी पट्ट्यांवरून चालते. असर असताना पट्टे लागत नाहीत.

अक्षराचंही तेच. कोऱ्या कागदावर गोळीच्या आधी लिहिलं तर तिसऱ्या शब्दापासून अक्षर आकसतं. दुरेघी वहीत लिहिलं तर वरच्या आणि खालच्या रेघेला अक्षर टेकवायचं असतं, म्हणून टिकतं. हे पत्र दुरेघी कागदावर आहे, तुमच्या कार्यालयात कोणी हसलं असेल तर हसू द्या.

लोक आळसही म्हणतात. त्याबद्दल न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णांना ठरावीक वेगाने हात नेऊन वस्तूपर्यंत पोचायला सांगितलं. रुग्णांना तो वेग जमत होता, नेमही चुकत नव्हता, पण ठरलेला वेग गाठण्यासाठी त्यांना निरोगी माणसांपेक्षा जास्त वेळा प्रयत्न करावा लागत होता. ‘या हालचालीला एवढा जोर लावणं परवडेल का’ असा हिशेब मेंदू आपल्याला न कळत करत असतो, आणि डोपामिन कमी झालं की तो हिशेब फार कंजूष होतो, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष आहे. मनाला दटावून तो बदलत नाही. आमच्या सासूबाई असत्या तर त्यांना हे सांगायला मला आवडलं असतं.

गोळीची हकिगत थोडक्यात. डोपामिन तोंडाने घेतलं तर ते रक्तातून मेंदूत शिरत नाही, म्हणून त्याचं आधीचं रूप, लेव्होडोपा, द्यावं लागतं. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी औषध देऊन निपचित केलेल्या सशांना लेव्होडोपा दिलं आणि ते ससे हिंडूफिरू लागले. त्यांना पुढे २००० सालचं नोबेल मिळालं. १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविझ आणि हर्बर्ट एरिंगर यांनी पार्किन्सनने गेलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन फार कमी असल्याचं दाखवलं. पुढच्याच वर्षी तिथं रुग्णांना लेव्होडोपाची इंजेक्शनं दिली गेली आणि अंथरुणावरची माणसं काही तासांसाठी चालली. १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी अमेरिकेत ते तोंडाने, हळूहळू वाढवत, मोठ्या मात्रेत दिलं आणि उपचार रोजच्या वापरात आला. सुरुवातीला उलट्या फार व्हायच्या, कारण औषध मेंदूत पोचण्याआधीच शरीरात त्याचं डोपामिन होई. ते अडवायला जोडीला कार्बिडोपा आलं. माझ्या ‘एकशेदहा’च्या गोळीत १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० मिलिग्रॅम कार्बिडोपा असतं.

पण या हकिगतीतला आपल्याकडचा भाग कोणी सांगत नाही. आपल्या कुंपणावर चढणारी खाजकुइली सगळ्यांना माहीत आहे. माझ्या एका वर्गातल्या पोरांनी तिच्या शेंगेवरची लव माझ्या खुर्चीवर पसरली होती, म्हणून मला जरा जास्तच माहीत आहे. या शेंगेच्या बियांत लेव्होडोपा असतं. १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते बियांतून वेगळं काढून प्रसिद्ध केलं, कोट्झियास यांच्या तीस वर्षं आधी. आयुर्वेदात या वेलीला आत्मगुप्ता म्हणतात आणि कंपवातात तिच्या बिया वापरल्या जातात.

हे वाचून कुणी उद्या पाट्यावर बिया वाटायला बसू नये. माझ्याकडे येणारा दर दुसरा माणूस सांगतो, बाई, चूर्ण घ्या, त्याला साइड इफेक्ट नाही. बियांत आहे ते औषध तेच आहे, त्याचे परिणामही तेच. फक्त कुठल्या बीत किती, ते ठरलेलं नाही. गोळी चालू असताना डॉक्टरांना न सांगता चूर्ण सुरू केलं तर मात्रा वाढते आणि अंग आपोआप वळवळू लागतं.

आता वेळेचं का एवढं, ते सांगते. लेव्होडोपा रक्तात फार टिकत नाही. साधारण दीड तासात निम्मं होतं. आजाराच्या पहिल्या वर्षांत उरलेल्या पेशी त्यातून डोपामिन करून साठवतात आणि लागेल तसं सोडतात, त्यामुळे गोळी थोडी मागेपुढे झाली तरी चालतं. पेशी कमी होत गेल्या की साठवण संपते, आणि रक्तातली मात्रा चढेल-उतरेल तशी हालचाल चढू-उतरू लागते. मला ते घड्याळ न बघता कळतं. आधी बोलणं बारीक होतं, मग चहाचा कप ओठांपर्यंत नेताना मधेच थांबायला होतं, मग पाय. सात वाजता गोळी घेतली की पावणेआठला मी माणसात येते.

पोटात काय आहे यावरही ते अवलंबून असतं. प्रथिनं पचून जे घटक रक्तात येतात त्यांतले काही आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरताना लेव्होडोपाच्याच दारात गर्दी करतात. दुपारी बांगड्याचं तिखलं जेवून लगेच गोळी घेतली तर ती वाया गेली असं समजायचं. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, सकाळी उकड्या तांदळाची पेज, आणि मासे रात्री. मासे सोडायची गरज नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्याही हिच्यासोबत घ्यायच्या नसतात, दोन्हींमध्ये अंतर ठेवावं लागतं.

मेंदूत खोलवर तारा बसवण्याची जी शस्त्रक्रिया असते, डीबीएस, तिच्या वेळी हा चढउतार प्रत्यक्ष दिसतो. गोळीचा असर नसताना सबथॅलॅमिक न्यूक्लियस या छोट्या केंद्रात सेकंदाला १३ ते ३० आवर्तनांची विजेची लय फार जोरात असते. आहे त्याच स्थितीत राहण्याशी या लयीचा संबंध लावला जातो. निरोगी मेंदूत हालचालीच्या जरा आधी ती ओसरते. लेव्होडोपा घेतल्यावर रुग्णातही तिचा जोर कमी होतो.

गोळी सगळं करते असंही नाही, आणि हेही लिहायला हवं. एका वेळी दोन कामं मला असर असतानाही नीट जमत नाहीत. हातात पाण्याची कळशी असेल तर मी बोलत नाही, कोणी हाक मारली तर आधी कळशी ठेवते. तोल सांभाळण्यात मेंदूतली इतर रसायनंही असतात, म्हणून तोल गोळीने फारसा सुधारत नाही. आणि जास्त गोळी म्हणजे जास्त फायदा, असंही नाही. स्ट्रायटमचे काही भाग आजारात आधी आणि जास्त कोरडे पडतात, काही बराच काळ ओले राहतात. हालचालीच्या भागाला पुरेल एवढी मात्रा दुसऱ्या भागाला जास्त होते आणि तिथं वेगळेच घोटाळे होतात. याच आजारावरच्या प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल या गोळ्यांनी काही रुग्णांना जुगाराचा किंवा खरेदीचा नाद लागतो, हे आता वैद्यकात सर्वमान्य आहे. घरात कुणी या गोळ्या घेत असेल आणि सरळमार्गी माणूस अचानक मटका लावू लागला, तर भांडण करण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

आता रुग्णालय.

खळ्यातच पडून माझं मनगट मोडलं आणि शस्त्रक्रियेसाठी एका रुग्णालयात राहावं लागलं. नाव लिहीत नाही. हाड त्यांनी उत्तम बसवलं आणि तिथल्या सिस्टर मायेच्या होत्या. पण तिथला नियम असा, की रुग्णाची सगळी औषधं काउंटरवर जमा करायची आणि राउंडच्या वेळी ती सिस्टर देणार. राउंड नऊनंतर. माझी गोळी सातची. यजमानांनी सांगून पाहिलं, कागदावर वेळा लिहून दिल्या, तो कागद फाइलमध्ये लागला आणि तिथंच राहिला. भेटायची वेळ संपल्यावर यजमान बाहेर.

सकाळी साडेआठला मला उठवून बसवायला आले. मी हलले नाही. “आजी, उठा ना, प्रयत्न तरी करा.” बोलायला गेले तर आवाज फुटेना. चेहऱ्यावरही काही दिसत नाही या आजारात, चेहऱ्याचे स्नायूही त्याच कंट्रोलरच्या हाताखाली. दोघांनी काखेत हात घालून ओढलं तशी मी आणखी ताठ झाले. फाइलवर शेरा पडला, पेशंट सहकार्य करत नाही. नऊनंतर गोळी आली, आणि दहा वाजता मी स्वतः उठून खिडकीपाशी गेले. तेव्हा शेरा लिहिणारी व्यक्ती ड्यूटी संपवून गेलेली होती.

त्याच दिवशी संध्याकाळी मळमळत होतं म्हणून मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन लिहिलं गेलं. हे उलटीवरचं अगदी नेहमीचं, स्वस्त औषध आहे. पण ते मेंदूत शिरून डोपामिनची कामाची जागाच अडवतं. नशिबाने भाची त्या वेळी आलेली होती आणि तिनं डॉक्टरांना विनंती करून ते बदलून घेतलं. डॉक्टरांनी लगेच बदललं, वाद घातला नाही, हेही सांगायला हवं. प्रोक्लोरपेराझिन आणि भ्रम झाल्यावर देतात ते हॅलोपेरिडॉल यांचंही तसंच. चक्कर येते म्हणून वर्षानुवर्षं घेतलेल्या सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिनने तर नसलेल्या पार्किन्सनची लक्षणं उभी राहू शकतात. या सगळ्यांना पर्याय आहेत, फक्त लिहिणाऱ्याला रुग्णाचा आजार माहीत हवा.

लेव्होडोपा एकदम बंद झालं तर नुसता ताठरपणा येऊन थांबत नाही. तीव्र ताप, अंग लाकूड होणं, शुद्ध हरपणं, इथपर्यंत जाऊ शकतं आणि त्यात जीवाला धोका असतो. म्हणून शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवतात तेव्हाही ही गोळी कशी आणि केव्हा द्यायची, हे भूलतज्ज्ञांशी आधी बोलून ठरवावं लागतं.

ब्रिटनमध्ये ‘नाइस’ ही संस्था आरोग्यसेवेचे निकष ठरवते. रुग्णालयात दाखल असलेल्या पार्किन्सनच्या रुग्णाला लेव्होडोपा त्याच्या ठरलेल्या वेळेपासून ३० मिनिटांच्या आत मिळावं, असा निकष त्यांनी २०१८ मध्ये घातला. त्याला यंत्र लागत नाही, निधी लागत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या सरकारी आणि खासगी रुग्णालयांनी एवढं करावं, की पार्किन्सनच्या रुग्णाची ही एक गोळी त्याच्या किंवा घरच्या माणसाच्या हाती राहू द्यावी आणि सिस्टरने फक्त घेतल्याची नोंद करावी. ते नियमात बसत नसेल तर रुग्णाच्या वेळा खाटेच्या पायथ्याशी मोठ्या अक्षरात लावाव्यात आणि त्या वेळी गोळी द्यावी. त्याच पाटीवर मेटोक्लोप्रामाइड आणि हॅलोपेरिडॉल देऊ नये असं लिहावं. जिल्हा शल्यचिकित्सकांनी एक परिपत्रक काढलं तरी पुष्कळ होईल.

तालुक्याच्या औषध दुकानदारांनाही एक विनंती. पावसात घाट बंद पडला की ही गोळी दोन-दोन दिवस येत नाही. ज्यांची नेहमीची गिऱ्हाइकं या आजाराची आहेत त्यांनी जूनच्या आधी थोडा जास्त साठा ठेवावा. रुग्णांनीही महिनाभराची गोळी घरात जास्त ठेवावी.

बँकेबद्दल थोडक्यात, कारण नोव्हेंबरात सगळे निवृत्त लोक हयातीचा दाखला द्यायला रांगेत असतात. माझी सही जुळत नाही म्हणून मला परत पाठवलं गेलं आहे. काउंटरवरचा मुलगा “बाई, पटकन करा, मागे रांग आहे” म्हणतो तेव्हा हात जागच्या जागी थांबतो. घाईने आमची हालचाल सुटत नाही, अडकते. पार्किन्सन हा दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी एक आहे, हे त्या मुलाला कोणी सांगितलेलं नसावं. सहीच्या जागी एक ठळक रेघ मारून दिली आणि दोन मिनिटं थांबलं, तर माझी सही अजूनही जुळते.

आपल्या लेखकांनी या विषयावर पुढचा लेख लिहिला तर उलटीच्या इंजेक्शनाबद्दल त्यात जरूर लिहावं, आणि शक्य तर पाऊस सुरू व्हायच्या आत छापावं. पावसाळ्यात उलट्या-जुलाबांनी लोक गावोगावच्या दवाखान्यांत जातात, त्यात म्हातारी माणसं जास्त, आणि तिथं पहिलं इंजेक्शन पुष्कळदा तेच असतं.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग
(नाव छापू नये, ही विनंती.)